पॉलिश होईपर्यंत आम्ही ताल्लिनला

साठाव्या वाढदिवसाला घरी सापडायचं नाही, असं तुओवीने ठरवून टाकलं होतं. हौकिलाम्पी गावात पन्नास, साठ, सत्तर असा गोल आकडा गाठणाऱ्याने ‘त्या दिवशी प्रवासात’ अशी दोन ओळींची जाहिरात पेपरात दिली नाही, तर गाव न बोलावता दारात येतं. फुलं देतं, कॉफी पितं आणि सगळ्यात वाईट म्हणजे भाषण करतं. औषधांच्या दुकानात तीस वर्षं मोजूनमापून बोललेल्या तुओवीला भाषणाचं वावडं होतं, त्यातून स्वतःवरच्या भाषणाचं जास्तच. जाहिरात दिली की सुटका. अशी जाहिरात देणारे निम्मे लोक पडदे ओढून घरातच बसलेले असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते कुणी पकडायचं नसतं. फक्त आपणही पकडलं जायचं नसतं. गेल्या वर्षी पोस्टातला एक निवृत्त गृहस्थ सत्तरीच्या दिवशी जाहिरातीप्रमाणे दूर उत्तरेला लापलँडला असताना स्वतःच्याच तळघरात बटाटे निवडताना दिसला होता. गाव त्याला अजून ‘लापलँडवाले’ म्हणत होतं.

“म्हणजे रविवारी आपल्याकडे कुणीच फिरकणार नाही,” तिचा नवरा ताइस्तो म्हणाला. “मग जमीनच करून टाकू. कुणाला कळणार आहे?”

बैठकीच्या खोलीच्या जमिनीवरचं तपकिरी प्लास्टिक उखडून खालचं काँक्रीट घासायचं, पॉलिश करायचं, हे तुओवीचं वर्षभराचं स्वप्न होतं. ताइस्तोला लाकडी पट्ट्या हव्या होत्या, पण साठीची भेट म्हणून तो नमला. शनिवार जुना गोंद खरवडण्यात गेला. रविवारी सकाळी भाड्याचं मशीन सुरू झालं. तुओवीने काँक्रीट कडक करायच्या रसायनाची माहिती दोनदा वाचली होती, मशीनला घासायच्या चकत्या कुठल्या क्रमाने लावायच्या तेही पाठ केलं होतं. मशीनचा आवाज केवढा असतो, हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि तळ्यावरची बदकं उठून पलीकडच्या काठाला गेली.

फोन वाजला. शेजारच्या ऐलाबाई होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, कान पंचविशीतले.

“तुओवी, प्रवासात त्रास देतेय. कुठे आहात?”

“ताल्लिनला,” तुओवी स्वतःच्या स्वयंपाकघरातून म्हणाली.

“अगं, तुमच्या घरात कुणीतरी शिरलंय. भिंती फोडतंय असं वाटतं. पोलिसांना बोलावू का?”

“नको, नको. कामगार आहे तो. जमीन पॉलिश करायला सांगितलंय.”

“असं होय.” ऐलाबाईंनी कान दिला. “तिकडे ताल्लिनलाही कुणीतरी जमीन घासतंय वाटतं. ऐकू येतंय.”

“हॉटेलचं काम चाललंय,” तुओवी म्हणाली.

“सगळीकडे तीच फॅशन आलीय म्हणायची. कुठला गं हा कामगार?”

“एस्टोनियाचा. आपली भाषा येत नाही त्याला.”

“तुम्ही त्याच्या देशात आणि तो तुमच्या घरात. बरी अदलाबदल. मग त्याला कॉफी कोण देतंय?”

“तो आपली घेऊन आलाय.”

कामगाराला स्वतःची कॉफी आणायला लावणं ही हौकिलाम्पीत चोरीपेक्षा फार लहान गोष्ट नव्हती.

“तुझी सासू असती तर तिला काय वाटलं असतं,” ऐलाबाई म्हणाल्या. “मी नेते. तू मजा कर.”

तुओवी बैठकीच्या खोलीत धावली. ताइस्तो पांढऱ्या कागदी झग्यात होता. डोक्यावर टोपडं, डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर मास्क. तिने त्याच्या कानावरचं झाकण उचललं.

“तू एस्टोनियाचा आहेस.”

“कधीपासून?”

“आत्तापासून. ऐलाबाई कॉफी घेऊन येतायत. बोलायचं नाही, मास्क काढायचा नाही. काहीही विचारलं तरी नुसती मान हलव.”

“आणि तू कुठे असणार?”

“ताल्लिनला,” असं म्हणून ती मागच्या दाराने निघाली आणि अंगणाच्या टोकाला असलेल्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोपटात शिरली. बाहेरची कपडे बदलायची खोली ओलांडून ती आतल्या गरम खोलीत, म्हणजे सध्या थंडगार असलेल्या खोलीत, वरच्या बाकावर जाऊन बसली. तिथल्या तळहाताएवढ्या खिडकीतून अंगण आणि घराचं दार नीट दिसत होतं.

ऐलाबाई थर्मास घेऊन आल्या. ताइस्तो दारात आला. तो कधी नव्हे तो लंगडत होता. ओळख लपवायला ही युक्ती त्याला स्वतःलाच सुचली असावी.

“कॉफी,” ऐलाबाई मोठ्याने म्हणाल्या.

मान हलली.

“साखर?”

मान हलली.

“पाय दुखतो का? डावा?”

मान हलली आणि तो उजव्या पायाने लंगडायचा थांबून डाव्याने लंगडू लागला. ऐलाबाईंनी त्याला टोपड्यापासून बुटांपर्यंत एकदा पाहिलं, कप हातात दिला आणि त्या निघून गेल्या. तुओवीने सुटकेचा श्वास घेतला.

पण तो पुरा बाहेर पडायच्या आत ऐलाबाई परत आल्या. सोबत ओइवा होता. तो गावचा सुतार, पण उन्हाळे एस्टोनियातल्या बहिणीकडे काढणारा. परक्या मुलखात माणसाला दोन शब्द आपल्या भाषेतले ऐकायला मिळावेत, म्हणून त्याला आणलं होतं. ओइवाने लांबलचक वाक्य टाकलं. ताइस्तोने मान हलवली. आणखी एक टाकलं. पुन्हा हलवली.

“काय म्हणतोय?” ऐलाबाईंनी विचारलं.

“मी विचारलं, मुलं किती? तर हो म्हणाला. मग विचारलं, कुठल्या गावचा? तर त्यालाही हो.”

“समाधानी दिसतो.”

ओइवाची गाडी रविवारी कॉफीच्या वेळेला तुओवीच्या दारात उभी दिसली, म्हणून मागोमाग दुसरी थांबली, तिच्यामागे तिसरी. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, की तुओवी घरी नाही हे माहीत आहे, पण केक आधीच करून ठेवला होता, तो काय ताल्लिनला पाठवायचा? आणि ही जमीन तर आपलीच. ताइस्तोच्या बापाच्या वेळी सगळ्या गावाने आपापल्या काठावरची वाळू बादल्यांनी वाहून ओतलेली. तिचं हा परका माणूस काय करतोय, ते बघायला नको? अंगणात टेबलं जोडली गेली. तासाभरात पंधरा-वीस माणसं स्ट्रॉबेरीचा केक कापून तुओवीचा वाढदिवस तुओवीशिवाय साजरा करू लागली. तिला ही व्यवस्था खरं तर पसंत पडली. सॉनात थंडी वाजत होती एवढंच.

तेवढ्यात ऐलाबाईंचा आवाज आला.

“हा बिचारा धुळीने पिठासारखा झालाय. काम संपलं की अंघोळ नको का? मी सॉना पेटवते. तुओवी काही नको म्हणणार नाही. काय रे, पेटवू ना?”

ताइस्तोने मान हलवली. मग आपण कशाला हलवली ते त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण ती अर्ध्यावर थांबली आणि जोरजोरात आडवी हलू लागली.

“लाजतोय,” ओइवा म्हणाला. “पेटवा तुम्ही.”

सॉनाच्या भट्टीचं तोंड बाहेरच्या खोलीत होतं आणि तापायचे दगड आत, तुओवीपाशी. बाहेरच्या खोलीचं दार उघडलं, स्टूल सरकवलं गेलं, काडी ओढल्याचा आवाज आला. दुसरी वाट नव्हती. बाहेर पडायचं तर ऐलाबाईंच्या मांडीवरूनच जावं लागलं असतं. ‘लापलँडवाले’ तिच्या डोळ्यांसमोर आले. या वयात ‘ताल्लिनवाली’ व्हायचं तिच्या जिवावर आलं. ती बाकावरच बसून राहिली.

“तुओवी इथे असती,” ऐलाबाई भट्टीला उद्देशून म्हणाल्या, “तर मी चार शब्द बोलले असते. पण तिला भाषण आवडत नाही. बरं झालं नाहीये ते.”

एक लाकूड आत गेलं.

“तीस वर्षं सगळ्या गावाची मूळव्याध हिला पाठ. कुणाची कुणाला कळू दिली नाही.”

आणखी एक लाकूड. भिंतीवरचा पारा चाळिशी ओलांडून गेला. तुओवीने लोकरीचा स्वेटर काढला.

“माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर रोज संध्याकाळी यायची. काही बोलायची नाही. बसायची आणि जायची. तेवढंच हवं होतं मला.”

दोन लाकडं. तुओवी खालच्या बाकावर उतरली, मग जमिनीवर बसली. गरम हवा वर चढते, हे शास्त्र तिला अजून तारून नेत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यातलं घामाचं किती, हे तिलाही वेगळं काढता येत नव्हतं.

“हिचा दोष एकच,” ऐलाबाई म्हणाल्या. “खोटं बोलता येत नाही. साठी आली, आता तरी शिकायला हवं.” भट्टीची झडप बंद झाली. “टॉवेल खुंटीला आहे. मी कॉफी ओतायला जाते.”

पावलं दूर गेली.

थोड्या वेळाने तुओवी अंगणात आली तेव्हा तिचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता, केस कपाळाला चिकटले होते आणि लोकरीचे मोजे हातात होते. कुणी सॉनाकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी रस्त्याकडे पाहिलं, जणू ती तिथूनच चालत आली होती.

“आलीस? ताल्लिनला ऊन बरंच होतं म्हणायचं,” ओइवा म्हणाला.

“हो,” तुओवी म्हणाली. “शेवटी शेवटी फारच.”

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची सरकवली.

घरातलं मशीन थांबलं होतं. सगळे दारात बूट काढून मोज्यांनी आत गेले. धुरकट काँक्रीटच्या जागी करड्या, तांबूस, काळ्या खड्यांनी भरलेली चकचकीत जमीन पसरली होती आणि तिच्यात खिडकी उलटी दिसत होती. “ही माझ्या किनाऱ्यावरची वाळू,” ऐलाबाई म्हणाल्या आणि दाखवायला पुढे झाल्या, त्या मोज्यांवरून थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत घसरत गेल्या. तिथून म्हणाल्या, “उत्तम झालीय.”

कोपऱ्यात ताइस्तो मास्क, चष्मा, टोपड्यासकट उभा होता. त्याने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. बायको सुखरूप परतली, आता आपलीही सुटका, अशा आशेने त्याने चष्म्याआडून तिच्याकडे पाहिलं.

“आणि ताइस्तो?” ऐलाबाईंनी भिंतीपासून विचारलं. “तो नाही आला तुझ्याबरोबर?”

तुओवीने हाताने तोंडावरचा घाम पुसला. सॉना पेटवायला हलवलेली ती मान तिला स्पष्ट आठवत होती.

“तो उद्याच्या बोटीने येतोय,” ती अगदी सहज म्हणाली आणि केकचा मोठा तुकडा ताटलीत वाढून घेतला.