डॉक्टर अस्वले यांचा आरपार चष्मा

एका जंगलात, बाळांनो, हाडे मोडून घ्यायची फार छान सोय होती. कडे होते, ओढे होते, आणि रस्ता तर नुकताच दुरुस्त केलेला होता. त्यामुळे तिथले हाडांचे डॉक्टर अस्वले कधी रिकामे बसत नसत.

डॉक्टरांची नजर मुळात अधू. पंजा मात्र मोठा शहाणा. मोडलेल्या जागेवरून ते डोळे मिटून पंजा फिरवत, "हं, इथे आहे" म्हणत आणि हाड जागच्या जागी बसवत. पेशंट रडत येई आणि चालत घरी जाई. तुम्ही म्हणाल, मग चांगलेच चालले होते की. होते ना. म्हणूनच कोणालातरी त्यात सुधारणा करावीशी वाटली.

पोपटराव नावाचे एक विक्रेते उडत उडत आले. त्यांच्याकडे एक आरपार चष्मा होता. पेशंटच्या हाडाचा फोटो आधी त्याला दाखवायचा. मग चष्मा डोळ्यांवर चढवला, की ते हाड कातड्यावरच काढल्यासारखे दिसे. स्क्रू कुठून घालायचा तिथे हिरवी रेघसुद्धा ओढून मिळे. आता हाडाचे चित्र नेमके कुठे मांडायचे, हे बिचाऱ्या चष्म्याला कसे कळावे? त्यासाठी मोडलेल्या जागी एक लाल ठिपका द्यायचा.

"तेवढा ठिपका तुम्ही सांभाळा," पोपटराव म्हणाले, "बाकी सगळं चष्मा सांभाळतो."

पहिला मान कौसल्याबाई भेकर यांना मिळाला. भेकर म्हणजे एक लहानसे हरीण, घाबरले की कुत्र्यासारखे भुंकते. कौसल्याबाई त्या दुरुस्त रस्त्यावरून जाताना पडल्या आणि त्यांच्या मागच्या पायाची नळी मोडली.

त्या जंगलात लंगडणे कोणालाच परवडत नसे. वाघोबांचे वय झाले होते. धावणाऱ्यांच्या मागे लागणे त्यांना झेपत नव्हते, म्हणून ते लंगडणाऱ्यांची वाट पाहत बसत. पाय सरळ बसला तर कौसल्याबाई जेवायला जाणार होत्या. वाकडा बसला तर जेवणात.

आणि दवाखान्याचे अध्यक्ष कोण? वाघोबाच. चष्म्याच्या उद्घाटनाला त्यांना बोलावणे भागच होते. ते आले, त्यांनी हार घालून घेतला आणि टेबलावर आडव्या असलेल्या कौसल्याबाईंची आपुलकीने चौकशी केली.

"बऱ्या झालात की कळवा हो," ते म्हणाले. "नाही झालात तरी कळवा."

कौसल्याबाईंनी ठिपका जागेवर आहे ना ते बघून घेतले. होता. तेवढाच काय तो त्यांना धीर.

तिथे सिस्टर साळिंदरे होत्या. अंगावर सुयाच सुया, त्यामुळे दवाखान्याला कधी सुया विकत घ्याव्या लागत नसत. कुंकू लावल्याशिवाय नवी वस्तू नीट चालत नाही, अशी सिस्टरांची पक्की समजूत होती. त्यांनी नारळाला कुंकू लावले, ड्रिलला लावले, प्लास्टरच्या बादलीला लावले. वाघोबा तर प्रमुख पाहुणे. त्यांच्या कपाळावर चांगला चिमूटभर मळवट भरला. मग त्यांना स्वच्छता आठवली. त्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि कौसल्याबाईंचा पाय असा लख्ख पुसला की ठिपका औषधालाही उरला नाही.

डॉक्टरांनी चष्मा चढवला तशी कौसल्याबाईंनी हळूच सांगितले, की ठिपका पुसला गेलाय.

"पेशंटनं बोलायचं नसतं, बाई," डॉक्टर म्हणाले. "तुमचं सगळं आता चष्मा सांगतो."

चष्म्याने खोलीभर ठिपके शोधले. त्यातला सगळ्यांत ठसठशीत त्याला पसंत पडला. आणि कौसल्याबाईंची मोडकी नळी त्याने वाघोबांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत अगदी सुबक काढून दाखवली.

वाघोबा तेव्हा भाषण करत होते. दर वाक्याला जबडा उघडत होता, मिटत होता. डॉक्टर हळहळले. हाड पार सुटलेय, सारखे हलतेय, आधी ते घट्ट धरले पाहिजे, असे ते म्हणाले आणि त्यांनी बोट दाखवून भुलीचे इंजेक्शन द्यायला सांगितले. सिस्टरांना समोर अध्यक्ष दिसत होते. पण डॉक्टरांच्या डोळ्यांवर एवढा महागडा चष्मा असताना आपण कोण सांगणार? चष्म्यातले चित्र सगळ्यांना दिसावे म्हणून भिंतीवर पडदा लावला होता आणि जमलेली मंडळी त्या पडद्यावर बघत होती. पडद्यावर हाड होते, हिरवी रेघ होती, आणि पोपटराव ती समजावून देत होते. टेबलाकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

"तुम्हा सर्वांना माझ्या पोटात जागा आहे," असे वाघोबा म्हणत होते, तेवढ्यात सुई टोचली गेली.

डॉक्टरांनी वरचा जबडा खालच्या जबड्याला पट्टीने जोडला. स्क्रू रेघेबरहुकूम बसले, केसभरही इकडेतिकडे नाहीत. वरून गळ्यापासून नाकापर्यंत प्लास्टर केले. चष्म्यात "शस्त्रक्रिया यशस्वी" अशी अक्षरे उमटली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

कौसल्याबाई अजून टेबलावरच होत्या. पाय अजून मोडलेलाच होता. डॉक्टरांनी त्यांना विचारले, की पेशंटच्या नातेवाईक का तुम्ही? नातेवाइकांनी इथे झोपायचे नसते.

"अहो, माझा पाय मोडलाय," कौसल्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्म्यातून निरखून पाहिले. ठिपका नाही, म्हणून चित्र नाही. "बाई, तुम्हाला हाडच नाही," ते समजुतीने म्हणाले. "मोडेल काय?"

कौसल्याबाईंना भुंकावेसे वाटले. असे लंगडत बाहेर पडायचे, आणि आज ना उद्या वाघोबांचे प्लास्टर निघायचेच. त्यांना रडू आले, फार आले. रडता रडता त्यांची नजर सिस्टरांच्या हातातल्या कुंकवाच्या करंड्यावर गेली.

"सिस्टर," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "बादलीलासुद्धा लावलंत. चष्म्यालाच कुंकू लावायचं राहिलं की हो."

सिस्टरांनी जीभ चावली. ज्याचे उद्घाटन, तोच राहिला! त्यांनी दोन बोटे कुंकवात बुडवली आणि चष्म्याच्या दोन्ही काचा माखून टाकल्या.

डॉक्टरांपुढे सगळे जग लाल झाले. पण दिसत नाही असे चारचौघांत म्हणायची चोरी. त्यात पोपटरावांनी विचारले, की आता आणखी स्पष्ट झाले ना? "वा, अगदी आरपार," डॉक्टर म्हणाले आणि पंजा पुढे करून चाचपू लागले. पंजा आधी बादलीला लागला, मग पोपटरावांना, मग कौसल्याबाईंच्या पायाला. तिथे तो थांबला. पंजा जुना होता, आपले काम विसरला नव्हता.

"हं," डॉक्टर म्हणाले, "इथे आहे."

कटकन आवाज झाला. कौसल्याबाई एकदाच भुंकल्या. हाड जागेवर बसले होते.

पुढे पायाचे प्लास्टर सुटले आणि कौसल्याबाई त्याच रस्त्यावरून, खड्डे चुकवत, पळत चरायला गेल्या. वाघोबा नळीने पेज पितात. अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडेच आहे, कारण भाषण न करणारा अध्यक्ष पुन्हा कुठे मिळायचा? पोपटराव आता चष्म्याबरोबर कुंकवाची डबी फुकट देतात. आणि डॉक्टर अस्वले काचा माखून घेतात, एकामागून एक हाडे बसवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "हा चष्मा नसता, तर मी अजून चाचपडतच बसलो असतो."

तात्पर्य : नव्या यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, फक्त आधी त्याचेही डोळे मिटून घ्यावेत. आणि उद्घाटनाला नेहमी आपल्याला खाणाऱ्यालाच बोलवावे, म्हणजे चूक वाया जात नाही.