आवकरावांनी फोन उचलला

अनोळखी नंबरचा फोन आवकराव कधी उचलत नसत. "उचलला की काहीतरी गळ्यात पडतं," असं त्यांचं मत होतं. त्या दुपारी मात्र त्यांनी उचलला, कारण साहेब टेबलाशी उभे होते.

(आवकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळता सांभाळता ते चिकटलं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि पुढे ढकलायचा, यात जन्म गेला. स्वतःजवळ काही ठेवून घ्यायची सवयच राहिली नव्हती.)

साहेब आपल्या चिरंजीवांच्या परदेशी शिक्षणाचा खर्च सांगत होते. म्हणजे रडगाणंच गात होते, पण अशा थाटात की ऐकणाऱ्यालाच रडू यावं. तेवढ्यात फोन वाजला.

"विद्यापीठाच्या विद्यार्थी निधीतून बोलतेय," पलीकडून एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या. "तुमच्या मुलीचं पोस्टर कॉन्फरन्सला निवडलं गेलंय ना? तिच्या प्रवासाला मदत मंजूर झालीय. अभिनंदन!"

"कॉन्फरन्स!" आवकराव साहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "हो हो, निवडलं गेलंय. विमानानं जायचंय."

"पालक म्हणून तुम्हाला एक विचारायचं होतं. यंदा मुलं जास्त आहेत आणि निधी कमी. समजा, मदत नाही मिळाली, तर तुमची मुलगी जाऊ शकेल का?"

आता खरं उत्तर होतं, 'नाही हो बाई.' मागल्या वर्षी बायकोच्या ऑपरेशनमध्ये होतं नव्हतं ते सगळं गेलं होतं. पण साहेबांनी भुवया उंचावल्या होत्या.

"न जायला काय झालं?" आवकराव कडाडले. "मदत मिळो न मिळो, आमची पोरगी जाणार म्हणजे जाणार! एवढ्यातेवढ्यासाठी हात पसरणाऱ्यांतले आम्ही नव्हे!"

बाई गहिवरून म्हणाल्या, "असे पालक विरळाच. मग मी यादीतल्या पुढच्या मुलीकडे वळू ना?"

आवकरावांना वाटलं, बिचाऱ्या बाईंना अजून बरेच फोन करायचे असतील. त्यालाही परवानगी विचारतात, केवढा हा नम्रपणा!

"वळा, वळा!" ते म्हणाले. "खुशाल वळा!"

संध्याकाळी ते घरी शिरले तेच केक घेऊन. बायको शिलाई मशीनवर मुलीसाठी नवा कोट शिवत होती. पोरगी जमिनीवर पालथी पडून भल्या मोठ्या पोस्टरवरच्या चुका शोधत होती. बातमी ऐकली आणि तिनं उठून बापाला मिठी मारली. दहावीनंतर पहिल्यांदाच.

पोस्टरवर तिचं संशोधन होतं, रस्त्याकडेच्या झाडांविषयी. दिव्याखालच्या फांद्यांची पानं बाकीच्या फांद्यांपेक्षा उशिरा गळतात, असं तिचं म्हणणं होतं. त्यासाठी गेल्या मोसमात ती रोज संध्याकाळी घराबाहेर पडायची. (कुणा मुलाची भानगड असणार, अशा खात्रीनं आवकराव एकदा लपतछपत तिच्या मागे गेले होते. पाहतात तर पोरगी दिव्याखाली मान वर करून पानं मोजतेय. ते परत फिरताना कचऱ्याच्या डब्यावर आपटले. तिनं पाहिलं आणि फक्त म्हणाली, "बाबा, सावकाश.")

"पण तिथले मोठे लोक तुला विचारणार काय?" आवकरावांनी केक खाता खाता विचारलं.

"मला कुठं चुकलं ते विचारतील. तेच तर ऐकायचंय. इथं कुणी विचारतच नाही."

दुसऱ्या दिवशी ती तिकिटाचं विचारायला विद्यापीठात गेली. परत आली ती दारातच उभी राहिली.

"बाबा, तुम्ही नको म्हणालात?"

"काय नको म्हणालो?"

"मदत. त्या बाई म्हणाल्या, तुमच्या वडिलांनी मोठ्या मनानं दुसऱ्या मुलीसाठी सोडली. सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं त्यांनी."

"मी? मी कुठं सोडली? मी तर नुसतं वळा म्हणालो!"

"कुठं वळा?"

आवकरावांनी मान खाली घातली. त्यावरूनच तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. चपला काढून जागेवर ठेवल्या आणि आतल्या खोलीत गेली. मशीन थांबलं.

"अहो," बायको म्हणाली, "कोटाला काजं करायची राहिलीत. करू का नको?"

सकाळी आवकराव कचेरीत न जाता थेट निधीच्या ऑफिसात गेले. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं: गैरसमज झाला, आमची ऐपत नाही, मुलीचं नुकसान करू नका. आत शिरताच गोड आवाजाच्या बाई उठून उभ्या राहिल्या.

"अगदी वेळेवर आलात! ही बघा ती मुलगी, आणि ही तिची आई."

मुलगी सडपातळ होती, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली. आई इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुणारी. पाण्यात राहून राहून तिच्या बोटांची कातडी सुरकुतून पांढरी पडली होती. त्याच हातांनी तिनं नमस्कार केला.

आवकरावांनी तोंड उघडलं. घोकलेलं सगळं जिभेवर तयार होतं.

"जपून जा हं, बाळ," ते म्हणाले. "विमानात कानात दडे बसतात म्हणे."

आणि बाहेर आले.

तिथून ते तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि पगारातून उचल मागितली. साहेब खुर्चीत मागे रेलून खो खो हसले. "अहो आवकराव, परवाच तर म्हणत होता, हात पसरणाऱ्यांतले आम्ही नव्हे! चांगली गंमत करता राव!" गंमत केल्याबद्दल त्यांनी चहा मागवला. आवकरावांना तो प्यावा लागला.

घरी येऊन त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. चष्म्याची काडी, सुरकुतलेली बोटं, साहेबांचा चहासुद्धा. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तिचा विषय काय आहे?"

"विचारलं नाही गं."

"विचारायचं ना, बाबा."

पुढे दोन दिवसांनी तिनं स्वतःच त्या मुलीला गाठलं आणि आपलं पोस्टर तिच्याकडे दिलं. जागा मिळाली तर शेजारी लाव, म्हणाली. त्यानंतर ती कॉलेजला जायची, जेवायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. संध्याकाळी बाहेर पडणं तेवढं बंद झालं. ज्या मोसमासाठी ती वर्षभर थांबली होती, तो आला होता. पानं गळायला लागली होती.

एका संध्याकाळी आवकरावच त्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. निदान एका फांदीची तरी मोजून न्यावीत, म्हणून मान वर केली. वाऱ्यानं फांदी हलली, मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा चुकलं. एवढी साधी गोष्ट पोरगी थंडीत मोसमभर कशी करत होती, कुणास ठाऊक. मान अवघडली, डोळ्यांत पाणी आलं. (दिव्याकडे पाहिल्यानं येतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.)

"काही हरवलंय का काका?" सायकलवरून जाणाऱ्या एका बाईनं विचारलं.

"हो," आवकराव म्हणाले, आणि काय ते न सांगता घरी आले.

कॉन्फरन्स झाली. परतल्यावर ती मुलगी आणि तिची आई घरी भेटायला आल्या. मुलीच्या काखेत पोस्टर होतं, दिलं होतं तसंच गुंडाळलेलं.

"त्यांनी लावू दिलं नाही गं," ती मान खाली घालून म्हणाली. "ज्याचं काम त्यानंच समोर उभं राहायला हवं, असा नियम आहे म्हणाले. मी दोनदा विचारलं."

"असू दे," आवकरावांची लेक म्हणाली. तिनं पोस्टर घेतलं. कुठं ठेवावं ते न सुचल्यासारखी क्षणभर तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "तुला काय काय विचारलं ते तरी सांग." दोघी आत गेल्या आणि दार लागलं.

बाहेरच्या खोलीत धुणाऱ्या बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. आवकराव जमिनीकडे बघत होते. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"एक विचारू का दादा?" बाई म्हणाल्या. "माझ्याकडे असते ना पैसे, तरी पोरीच्या हातचं काढून मी दुसऱ्याला दिलं नसतं. एवढं मोठं मन तुम्ही आणलंत कुठून?"

आवकरावांनी वर पाहिलं. निदान या एका माणसाला तरी खरं सांगावं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"मन मोठं नव्हतं हो ताई," ते म्हणाले. "तोंड मोठं होतं."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि त्यांच्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "बघा ना वहिनी, किती हा विनय!"