आटणी धरलेली फळी

शामराव मिस्त्रीनं आयुष्यात एकही माप जसंच्या तसं घेतलं नाही. शिंप्याकडं सदरा टाकायला गेला तरी म्हणणार, "आटणी धर."

शिंपी म्हणायचा, "मिस्त्री, कापड धुऊन आणलंय की तुम्ही."

"कापडाचं कोण सांगतंय? मोठा शीव."

मग तो सदरा घालून मिस्त्री उचगावातनं निघाला की वाऱ्यावर बुजगावणं चालल्यागत दिसायचं.

उद्यमनगरात आमची फाउंड्री. मिस्त्री पॅटर्न करायचा, मी मोल्डर. म्हणजे जी वस्तू ओतायची तिचा लाकडी नमुना तो करणार, मी तो काळ्या वाळूत दाबून साचा करणार, आणि त्यात धातूचा रस ओतायचा. रस निवला की आटतो. म्हणून नमुना मुळातच जरा मोठा करतात. त्यासाठी मिस्त्रीकडं एक पितळी पट्टी होती, तिच्यावरचे इंचच मोठे. माझी शाळा तिसरीत सुटली, पण एवढं गणित मला कुणी शिकवायला नको. मिस्त्रीचं दुखणं हे, की ती पट्टी त्याच्या डोक्यात शिरली होती. पुढाऱ्याच्या भाषणात तो निम्मी आटणी धरायचा. भोंगा आठचा असला तर हा पाऊण तास आधी गेटात हजर. वेळ आटते म्हणे.

दोन हजार सालानंतर कधीतरी त्यानं टीव्हीवर परदेशातली माणसं चाकाच्या फळीवर उभी राहून पळताना बघितली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "मर्दा, त्या फळीला मोटर लावायची."

"कशाला?"

"मग काय, जलमभर पाय मारत बसायचं व्हय?"

त्याच महिन्यात माझं आणि धाकट्या मालकांचं वाजलं. फार मागं एकदा रस सांडून माझ्या डाव्या पायाची तीन बोटं गेली. बस थांबते तिथून कारखाना अर्धा मैल. तो पाय पुढं यायला वेळ लावायला लागला आणि मला भोंग्याला उशीर व्हायला लागला. धाकटे मालक म्हणाले, "दसऱ्यानंतर भोंग्याच्या आत पोचला तर कामावर. नाहीतर घरी बसा."

मी म्हणालो, "मालक, साचा हातानं करत्यात, पायानं न्हाय."

मिस्त्री म्हणाला, माझ्या सायकलवर मागं बस. मी म्हणालो, मी पोतं न्हाय. घरच्यांनी काठी आणली, ती मी परसात वेलाला आधार म्हणून रोवली. चाळीस वर्षं माझ्या पायांनी आलो, कुणाची दया नको.

मिस्त्रीनं पुन्हा विषय काढला नाही. तो फळीला लागला. सागाच्या पातळ फळ्या एकावर एक चिकटवून वर लोखंडी ठोकळे ठेवले, चार दिवसांनी फळी मधे जराशी खोलगट होऊन निघाली. चाकं ट्रॉलीची, मोटर मोटारगाडीच्या रेडिएटरच्या पंख्याची. फळीखाली दोन बॅटऱ्या बसवायच्या होत्या, त्यासाठी पेटी हवी.

"पत्र्याची ठोक की," मी म्हणालो.

"स्पीडब्रेकरला घासली की फाटंल. ओतीव पायजे."

त्यानं नमुना केला, मी साचा केला. पहिली पेटी भोक पडून निघाली, दुसरी ॲल्युमिनियमची अशी उतरली की हात फिरवत बसावं. पाणी शिरू नये म्हणून काठाला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. मग पेटी फळीला जोडायला घेतली आणि भोकं जुळेनात. एका टोकाला जुळायची, दुसऱ्या टोकाला नखभर पुढं. ह्यानं फळीचं मापही त्याच पितळी पट्टीनं घेतलेलं. पेटी आटली, फळी कशाला आटते?

सगळी शेड हसली. मी म्हणालो, "मिस्त्री, लाकूड आटत न्हाय एवढं."

"थांब की. आटंल."

फळी तीन दिवस उन्हात ठेवली. चौथ्या दिवशी कुणाशी न बोलता जुन्या भोकांत सागाच्या खुंट्या ठोकल्या, शेजारी नवी भोकं पाडली आणि मला सांगितलं, "आटली."

पहिल्या फेरीत फळी पुढं गेली आणि मिस्त्री मागं बसला. कुणीतरी विचारलं, "जोतिबाचा डोंगर चढंल का?"

"उतरंल तरी," मिस्त्री धोतर झटकत म्हणाला.

मी सुचवलं, धरायला दांडा लाव. केवढा भडकला. "दांडा लावला की ती सायकल झाली. फळी ती फळीच." आणि दसऱ्याच्या आठवड्यात बघतो तर फळीला नळाच्या पाइपचा दांडा, त्यावर घंटेसारखं बटण. मी दिवसभर त्याला चिडवलं, "मिस्त्री आटला." तो ऐकून घेत होता. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारं पुजली. रंधे, पकडी, करण्या आणि शेवटी फळी, तिलाही झेंडूचा हार. मी हार सरकवला. पाय निसटू नये म्हणून लाकडात दोन पावलं कोरली होती. उजवं अख्खं. डाव्याला दोनच बोटं.

मी अनवाणी साचे करतो. माझी पावलं वाळूत रोज उठतात आणि रोज मोडतात. ती कुणी बघत असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी डावा पाय त्यात ठेवून बघितला. "ढिला हाय," मी म्हणालो.

मिस्त्री पितळी पट्टी पुसत होता. "सांजच्याला सुजतोय तुझा. तेवढं धरलंय."

पाय सुजतो हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी ह्याच्यावर बसणार न्हाय."

"बसायची न्हायच ती. उभं ऱ्हायाचं."

दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी बसमधून उतरलो. मिस्त्री थांब्यावर फळी टेकवून गेला होता. मी बटण दाबलं. लोक बघत होते, बघू देत. सगळ्या अर्ध्या मैलात मागून सायकलच्या चेनची कुरकुर येत होती. मी थांबलो की ती थांबायची. मी मागं वळून बघितलं नाही.

गेटात शिरलो तेव्हा भोंगा व्हायचा होता. धाकट्या मालकांनी घड्याळ बघितलं, फळी बघितली आणि आत गेले.

भोंगा झाला. त्यानंतर मिस्त्री आला, सदऱ्याचं शीड फडफडवत, जन्मात पहिल्यांदा उशिरा. मुकादमानं विचारलं, "काय मिस्त्री, आज?"

"पंक्चर."

त्यानं सायकल माझ्या फळीशेजारी लावली. दोन्ही चाकं टणक होती. मी वाळू चाळायला घेतली.