बिनकुलपाची कचेरी

कचेरीतला परस्परविश्वास गेल्या आर्थिक वर्षात संपुष्टात आला. निमित्त एका हरवलेल्या स्टेपलरचं. तो अखेर मोठ्या साहेबांच्याच खुर्चीमागे सापडला, पण तोवर लोकांनी एकमेकांची सात पिढ्यांपर्यंत चौकशी करून घेतली होती. मग समाजशास्त्राच्या एक बाई व्याख्यानाला आल्या. विश्वास मागून मिळत नसतो, आधी आपल्याला टाकावा लागतो, असं त्या म्हणाल्या. साहेबांनी ते फारच मनावर घेतलं आणि विश्वास पुनःस्थापनेस्तव कचेरीतली झाडून सगळी कुलपं काढून घेतली.

हेडक्लार्क पापभीरू माणूस. त्यांच्या खणात चोरण्यासारखं काहीच नव्हतं. पण हे चारचौघांना कळलं, तर इतकी वर्षं कुलूप कशाला लावत होतात, असा प्रश्न आला असता. म्हणून ते खणाला गुडघा लावून बसू लागले. त्यांचं पाहून सगळेच बसले. चहाला कोणी उठेना, रजा कोणी मागेना, संध्याकाळी सगळे एकदमच उठत. हजेरी शंभर टक्के झाली. विश्वास चांगलाच रुजला, असं साहेबांनी वर कळवलं. केबिन तेही सोडत नव्हते.

पंचाईत झाली ती हेडक्लार्कांच्या लेकीची. वर्षभराने ती पाचच्या गाडीने यायची होती. बापाचा जीव खालीवर होत होता. जरा माझ्या खणाकडे बघाल का, असं त्यांनी शेजारच्या कॅशियरबाईंना विचारलं. बघेन की, पण मग माझ्या खणाकडे कोण बघणार, असं बाई म्हणाल्या. पाच वाजून गेले. हेडक्लार्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, गुडघा मात्र हलला नाही.

शेवटी लेकच बॅग ओढत कचेरीत आली. तिने खण उघडला. आत एक कंगवा आणि अर्धा साबण.

"बाबा, ह्यासाठी मला स्टेशनवर ताटकळत ठेवलंत?"

"अगं, हळू बोल. लोक ऐकतील."

लेक बापाला ओळखून होती. तिने अख्खा खण ओढून काढून त्यांच्या काखेत दिला आणि त्यांना घरी नेलं. वाटेत दोघं मनमुराद हसली.

दुसऱ्या दिवसापासून सगळी कचेरी संध्याकाळी आपापला खण काखोटीला मारून घरी जाऊ लागली. चोरण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून तक्रारही आली नाही. साहेबांचा सत्कार झाला.

हेडक्लार्क घरी पोचले की खण कपाटात ठेवतात आणि कपाटाला कुलूप लावतात. घरी तशी बंदी नाही.

हसलात ना? हसा. फक्त एक सांगा, तुमच्या मोबाइलचं कुलूप घरात कोणाला उघडता येतं?