दिवा लावून घाबरण्याची पद्धत

गळणारा नळ.

टोपीचं काळं जॅकेट, न धुतलेलं.

एकाच पायातला बूट.

भिंतीवर फोटो. फोटोंवर ताणलेला लाल दोरा.

बाहुली (डोळा एकच).

घाबरलेल्या बाईचा श्वास, ध्वनिमुद्रित, कितीही वेळा वापरता येईल असा.

वाचकांनी एव्हाना खुनी ठरवला असेल तर त्यांनी जरा दमानं घ्यावं. वरील सामान चित्रपट महाविद्यालयाच्या कपाटातलं आहे आणि सही करून कुणालाही मिळतं.

माणूस मरणाला भितो हे खरं. पण कशाला आधी भ्यायचं आणि कशाला नंतर, हे त्याला शिकवावं लागतं. हे कार्य सदर महाविद्यालय निष्ठेने करत आलं आहे. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक गटाने थरारपटाची फक्त सुरुवात करून द्यायची असते. (शेवट तिसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या वर्षापर्यंत फारसं कुणी टिकत नाही.) नियम सोपे आहेत. दिवा लुकलुकावा. फोनला रेंज नसावी. खुन्याचे बूट दिसावेत, चेहरा दिसू नये. मांजराने विनाकारण उडी मारावी. बळी पडणाऱ्या व्यक्तीने आवाजाच्या दिशेनेच जावं. विरुद्ध दिशेला, म्हणजे घराबाहेर, गेल्यास गुण कापले जातील.

भीतिदायक जिना महाविद्यालयात एकच असल्यामुळे परीक्षेच्या दिवसांत त्याच्याखाली खुन्यांची रांग लागते. रांग शिस्तीत असते. मागे एका खुन्याने मध्येच घुसायचा प्रयत्न केला, तेव्हा बाकीच्या खुन्यांनी त्याला चांगलंच सुनावलं.

आपल्या दिग्दर्शिकेला हा जिना मिळाला नाही. तिची ही दुसरी खेप होती. गेल्या वर्षी तिने सगळे नियम पाळले होते, पण ऐन वेळी मांजर झोपलं, प्रेक्षक हसले आणि ती नापास झाली. यंदाही नापास झाली तर महाविद्यालय बंद आणि बाबांचं कुलपांचं दुकान सुरू, असं घरात ठरलं होतं. बाबांनी गल्ल्याशेजारी तिच्यासाठी नवं स्टूल आणून ठेवलं होतं. त्याच्या पायांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. रोज जेवताना ते एवढंच विचारत, "कधी आहे गं तुझं ते?"

त्यातच उत्तम किंचाळणारी एकुलती एक विद्यार्थिनी इतर गटांसाठी किंचाळून घसा बसवून घेऊन घरी पडली. तेव्हा दिग्दर्शिका कॅमेरामन आणि खुनी (वर्गमित्र, स्वभावाने लाजाळू) यांना घेऊन आत्याच्या घरी गेली. घर आत्याचं, बळीही आत्याच.

पहिली अडचण दाराची. आत्या बिजागऱ्यांना नियमित तेल घालत असल्याने दार करकरेना. शेवटी कॅमेरामन तोंडाने करकरला.

दुसरी अडचण मूलभूत होती. अंधाऱ्या स्वयंपाकघरात खुनी शिरला की आत्या पटकन दिवा लावायची.

"आत्या, दिवा नाही लावायचा गं!"

"मग दिसणार कसं?"

"दिसायचं नाहीच आहे. कोण आलंय ते तुला माहीत नाही."

"माहीत कसं नाही? मघाशी यानेच दोन तांबे पाणी प्यायलं."

"अहो आत्या, पण तुम्ही घाबरायचंय," कॅमेरामन म्हणाला.

"घाबरते की. दिवा लावून घाबरते."

दिग्दर्शिकेने बल्ब काढून ठेवला. आत्याने कपाटातून दुसरा काढून लावला. असं बराच वेळ चाललं. शेवटच्या खेपेला खुनी आला, आत्याने दिवा लावला आणि ती त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "पाय पूस आधी. आणि ती टोपी काढ, घामाने निथळतोयस."

खुन्याने पाय पुसले. टोपी काढली. आत्याने त्याला खुर्चीवर बसवून चहा दिला. तो पिऊ लागला. ती समोर उभी राहून बघत राहिली.

"कसा झालाय?"

"छान आहे."

"मग संपव सगळा."

'कट' म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. बॅटरी संपली. दुसऱ्या दिवशी चित्रफीत द्यायची होती. दिग्दर्शिकेने आहे ते दिलं.

प्रदर्शनाला बाहेरून परीक्षक आले होते. आत्याला घेऊन बाबाही आले. आधीच्या गटांचे सगळे खुनी त्याच जिन्यावरून, त्याच जॅकेटमध्ये उतरले. परीक्षकांनी जांभई आवरली नाही. मग हे स्वयंपाकघर लागलं आणि दिवा लागला.

सभागृह सावध झालं. प्रशिक्षित प्रेक्षकाला लख्ख उजेडासारखं संशयास्पद काही नाही. खुनी पाय पुसतो, म्हणजे हा पुरावा मिटवतोय. चेहरा दाखवतो, म्हणजे हा खुनी नव्हेच. मग खुनी कोण? खोलीत उरली ती एकटी बाई, हातात किटली घेऊन. "संपव सगळा" आलं तेव्हा परीक्षकांनी शेजारच्या प्राध्यापकांचा दंड घट्ट धरला होता. मागे कुणीतरी ओरडलं, "पिऊ नकोस रे!"

परीक्षकांनी शेरा लिहिला: "नियमांचं पालन शून्य. उत्तीर्ण." मध्यंतरातला चहा त्यांनी नम्रपणे नाकारला.

दाराशी बाबांनी बहिणीला बाजूला घेतलं.

"ताई, खरं सांग. काय पाजलंस त्या पोराला?"

"चहा."

"नुसता?"

"नुसता कसा? दूध घातलं होतं."

मग बाबा मुलीला म्हणाले, "ते स्टूल परत करतो मी. अजून प्लास्टिक आहे, घेईल तो दुकानवाला." एवढं बोलून ते भराभरा पुढे गेले, कारण त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते कुलूपवाल्याला शोभत नाही.

परीक्षकांना हसणाऱ्या सुजाण वाचकांच्या माहितीसाठी: हे सर्व एका साध्या, उजेडातल्या चहाबद्दल होतं, हे सिद्ध झालं आहे. खुनी तिसऱ्या वर्षाला आहे. तब्येत ठणठणीत. वाचकांनीही निर्धास्त असावं.

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी आत्याने उंदरांचं औषध आणलं होतं.