गोजिरीचा लेप आणि बिबट्याचे डाग

मुलांनो, मोबाईल जरा खाली ठेवा आणि ऐका. एका जंगलात माकडांची एक वस्ती होती आणि त्या वस्तीत गोजिरी नावाची एक तरुण माकडीण राहत होती. तिची नजर घारीसारखी. म्हणून सागाच्या शेंड्यावर बसून टेहळणी करायचं काम तिच्याकडे होतं. बिबट्या दिसला की तिनं ओरडायचं आणि सगळ्यांनी पिल्लं उचलून पळायचं. तिच्या पहाऱ्यात आजवर एकही पिल्लू गेलं नव्हतं.

पण उन्हाळ्यात सागाला पान राहत नाही. दिवसभर ऊन थेट तोंडावर. त्यातच गोजिरीच्या गालांवर चार पुटकुळ्या आल्या. उन्हानं त्या लालबुंद व्हायच्या आणि जाताना काळे डाग ठेवून जायच्या.

"वयात आल्यावर येतातच गं," आई म्हणाली. "मलाही आल्या होत्या. सारखा हात नको लावूस."

"तुझ्या वेळी लोक इतकं तोंडाकडे बघत नव्हते, आई!"

शेवटी गोजिरी पिंगळाबाईंकडे गेली. पिंगळाबाई म्हणजे जंगलातल्या त्वचेच्या डॉक्टर. उंबराच्या ढोलीत त्यांचा दवाखाना. त्यांनी मान पूर्ण गोल फिरवून दोन्ही गाल तपासले.

"तेलकट काही लावू नकोस. हलकं, जेलसारखं सनस्क्रीन घे, रोमछिद्रं न बुजवणारं. एसपीएफ तीस किंवा जास्त. दोन बोटं भरून लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा. संध्याकाळी तोंड धुवायचं. आणि पुटकुळ्या फोडायच्या नाहीत."

"एवढंच?"

"एवढंच."

"उपास वगैरे?"

"नाही, बाळ. जेव."

गोजिरी हिरमुसली. ज्यात चमत्कार नाही, तो कसला उपाय?

चमत्कार रंगराव सरड्याकडे होता. रोज सकाळी पळसाच्या बुंध्याशी त्याच्याभोवती तरुण मंडळींची ही गर्दी! "हे बघा, आधी!" असं म्हणून रंगराव मळकट, तपकिरी अंग दाखवायचा. मग शेपटीला थेंबभर लेप लावायचा, डोळे मिटायचा, आणि "हे बघा, नंतर!" म्हणत झळझळीत पोपटी व्हायचा. टाळ्याच टाळ्या.

"रंगरावकाका, पुटकुळ्यांवर चालतो का हो?" गोजिरीनं विचारलं.

"ताई, पुटकुळ्या याला घाबरतात! एसपीएफ पाचशे. एकदा लावा, पावसाळ्यापर्यंत बघायला नको."

"यात असतं काय?"

"निसर्ग," रंगराव गंभीरपणे म्हणाला.

निसर्ग म्हणजे मोहाचं तेल, मेण आणि पांढरी माती. रंगरावानं करवंटीभर लेप दिला आणि बदल्यात दहा मैत्रिणींना सांगायला सांगितलं. गोजिरीनं वीस जणींना सांगितलं आणि लेप तोंडावर थापला.

चौथ्या दिवशी चार पुटकुळ्यांच्या चाळीस झाल्या. भर दुपारी घामाबरोबर लेप वितळून डोळ्यांत उतरला. आग आग झाली. गोजिरी दोन्ही हातांनी डोळे चोळत बसली. तिनं डोळे उघडले, तेव्हा खालच्याच फांदीवर बिबट्या बसला होता.

तिनं ओरडायला तोंड उघडलं. खाली पिल्लं खेळत होती.

"ओरडू नकोस ना," बिबट्या हळूच म्हणाला. नुकताच आईपासून वेगळा झालेला, कोवळा बिबट्या होता तो. "एक विचारायचं होतं. तू हे तोंडाला काय लावतेस?"

"स... सनस्क्रीन."

"डागांवर चालतं?"

गोजिरीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. नाकापासून शेपटीपर्यंत डागच डाग.

"लहानपणापासून आहेत," बिबट्याचा आवाज कापरा झाला. "आई म्हणते, राहू देत, छान दिसतात. तिचं काय जातंय? तिला पण आहेत!"

गोजिरीला क्षणभर त्याची दया आली. 'हे लावू नकोस, माझे गाल बघ,' असं अगदी ओठांवर आलं. पण खालून एका पिल्लाचं खिदळणं ऐकू आलं.

"एकदा लाव," ती म्हणाली, "पावसाळ्यापर्यंत बघायला नको."

"यात असतं काय?"

"निसर्ग."

तिनं अख्खी करवंटी त्याच्या पुढ्यात ठेवली. "अंगभर लाव. जाड थर हवा. शेपूट विसरू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून जंगलात पांढराफटक बिबट्या हिंडू लागला. हरणांना तो टेकडीपलीकडून दिसायचा. नाही दिसला, तर मोहाच्या तेलाचा वास यायचा. आठवडाभर एक उंदीरसुद्धा हाती लागला नाही. मग तो डोंगर ओलांडून दुसऱ्या जंगलात निघून गेला. म्हणे तिथे एसपीएफ हजार मिळतं.

गोजिरी खाली मान घालून पिंगळाबाईंकडे परतली. पिंगळाबाईंनी पुन्हा मान गोल फिरवून दोन्ही गाल तपासले. तेच जेल, तीच दोन बोटं, तेच दर दोन तास. दोन महिन्यांत चाळिसाच्या सहा झाल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कारण वस्ती गडबडीत होती. बिबट्याच्या अंगावरचा लेप सगळ्यांनी वासावरून ओळखला होता, म्हणून जंगल बिबट्यामुक्त केल्याबद्दल रंगरावाचा जाहीर सत्कार होता. भाषणं झाली. झेंडूचा हार घालताच रंगराव नम्रपणे केशरी झाला. गोजिरी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. दुसरं काय करणार? खरं सांगायचं, तर बिबट्याशी काय बोलणं झालं तेही सांगावं लागलं असतं.

पिंगळाबाईंना आमंत्रण होतं. पण त्यांच्या दवाखान्यात तेव्हा तोंडाला लेप थापलेल्या वीस जणींची रांग होती.

तात्पर्य, पाठ करून ठेवा: डॉक्टरांचं ऐकलं, तर फक्त आपला चेहरा सुधारतो. जाहिरातीचं ऐकलं, तर अख्खं जंगल वाचू शकतं. मात्र लेप बिबट्याच्या अंगाला लागला पाहिजे.