सहा दातांचा आनंद

आनंद ही मुलांच्या हाती मोकळी सोपवण्याजोगी वस्तू नव्हे. देखरेख सुटली की तो कुणालाही, कुठेही, विनापरवानगी होतो. कुरुंद्याजवळच्या एका शाळेचे मुख्याध्यापक तातेराव यांना हे तत्त्व अध्यापक विद्यालयात शिकतानाच पटले होते. त्यामुळे सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी रोज आनंदासाठी वाचावे आणि त्याचे छायाचित्र वर पाठवावे, असा आदेश आला तेव्हा इतर मुख्याध्यापक गडबडले. तातेरावांनी शांतपणे प्रमाण ठरवले.

वाचताना दोन दात दिसले तर रुची, चार दिसले तर गोडी आणि सहा दिसले तर आनंद. (ज्यांचे दात पडून पुन्हा येत होते त्यांची हिरडीही ग्राह्य धरण्यात आली, शास्त्र निर्दय नसते.) पुस्तकाकडे पाहताना दात झाकले जातात असे आढळल्यावरून, वाचताना पुस्तकाकडे पाहू नये, अशी सूचना फळ्यावर लागली. बघता बघता शाळेचा आनंद ब्याण्णव टक्क्यांवर गेला. उरलेल्या आठ टक्क्यांपैकी सात टक्के कायमचे गैरहजर होते. शेवटचा टक्का म्हणजे सातवीतली मंजुषा.

हळद उकडायच्या दिवसांत ही मुलगी आईला हातभार लावून पिवळ्या बोटांनीच शाळेत येई आणि पुस्तकाच्या पानापानावर ठसे उमटवी. इतरांची पुस्तके कशी कोरी करकरीत होती. छायाचित्रात तिचा नुसता भांग येई. चेहरा एकदाच आला, तोही रडका, आणि तपासणी पथक तर उद्यावर येऊन ठेपलेले.

"काहून रडून राहिलीस गं?" तातेरावांनी विचारले.

"सर, शेळी हरवली."

तातेरावांनी शिपाई संतरामला तत्काळ कोंडवाड्याकडे पिटाळले. तो घामाघूम होऊन परतला. "न्हाई सर तिथं. कुणाची शेळी व्हय ही, पोरी?"

"पुस्तकातली."

संतराम मटकन खाली बसला. "आधी सांगावं का न्हाई, माय? उन्हातान्हात गावभरच्या शेळ्यांची तोंडं बघून आलो मी."

तातेरावांना मात्र घाम फुटला. वाचल्यामुळे पोरांना पुस्तकातले कळू लागले, तर उद्या पथकाकडून मिळायच्या आनंदाच्या प्रमाणपत्राचे काय? त्यांनी ते पुस्तक कपाटात घालून कुलूप लावले आणि मंजुषाच्या हाती रंगीत वेष्टन चढवलेला पुठ्ठा दिला. त्यात काही हरवण्याचा धोका नव्हता.

मंजुषाने पुठ्ठा उलटून पाहिला. "सर, उद्या दात दाखवले तर शेळी घावली का न्हाई ते सांगताल?"

"बराबर सांगतो."

पथकासमोर तिने आठ दात दाखवले. गैरहजर वगळून शाळा शंभर टक्के आनंदी जाहीर झाली, हारतुरे झाले, पथक जेवायला गेले. मंजुषा तिथेच उभी होती.

"आता सांगा, सर."

तातेरावांनी शिक्षकांकडे पाहिले, शिक्षकांनी कपाटाकडे. ते पुस्तक त्यांच्यापैकी कुणीच उघडले नव्हते. (शिस्त ती हीच.)

"घावली म्हणून समज," तातेराव म्हणाले.

"कुठं?"

तातेराव पथकाच्या पंगतीत वाढप पाहायला निघून गेले.

तेव्हा वाचकहो, इथवर येताना आपले सहा दात दिसले असतील, तर आपला आनंद प्रमाणित समजावा. आणि शेळीचे पुढे काय झाले, हे विचारायचे आपल्याला सुचले नसेल, तर पथकात एक जागा रिकामी आहे.